विश्लेषण : चाकणजवळचा ‘नुक्ता’ मासा जगासमोर आणणारा लष्करी अधिकारी कोण होता? कर्नल सायक्स यांच्या नोंदी आज का महत्त्वाच्या?

इंद्रायणी नदीचे नाव निघाले की पिंपरी-चिंचवडकरांना आज आठवतो तो आळंदीच्या घाटावरचा पांढरा फेस. याच नदीतल्या एका विचित्र तोंडाच्या माशाची नोंद १८३९ मध्ये लंडनच्या एका शास्त्रीय नियतकालिकात झाली आणि त्या नोंदीत चाकण गावाचे नाव आले. मासा म्हणजे ‘नुक्ता’. नोंद करणारे होते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातले अधिकारी विल्यम हेन्री सायक्स. पक्षीनिरीक्षकांना सायक्सचा चंडोल आणि सायक्सचा रातवा ठाऊक असतो. पण पुणे परिसरातल्या नद्यांमध्ये कोणते मासे होते, याची पहिली शास्त्रीय यादीही याच माणसाने केली, हे फारसे माहीत नसते. नुक्ता आज ‘धोक्यात’ असलेल्या माशांमध्ये गणला जातो. अशा वेळी जवळपास दोनशे वर्षांपूर्वीच्या या नोंदींना काय अर्थ आहे, याचा हा आढावा.

सायक्स कोण होते?

विल्यम हेन्री सायक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी झाला. घराणे इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचे. वयाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे १८०३ मध्ये ते कंपनीच्या लष्करात उमेदवार म्हणून दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई लष्करात अधिकारी झाले. आज ज्या वयात मुले आठवी-नववीत असतात, त्या वयात ते भारताच्या वाटेवर होते. १८०५ मध्ये जनरल लेक यांनी भरतपूरच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा सायक्स तिथे होते. हा वेढा इंग्रजांना जड गेला आणि किल्ला काही पडला नाही.

पुढची काही वर्षे लष्करी चाकरीत गेली. या काळात त्यांनी हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषा शिकून घेतल्या आणि परीक्षाही दिल्या. दख्खनच्या लष्कराचे दुभाषी म्हणून त्यांनी काम केले. पुढे त्यांच्या हातून जे काही झाले, त्याचे मूळ या भाषाज्ञानात आहे. गावात जाऊन पाटलाशी, कोळ्याशी, शेतकऱ्याशी थेट बोलता येणारा इंग्रज अधिकारी तेव्हा सरसकट सापडत नसे.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे सैन्य आणि कंपनीचे सैन्य मुळा नदीच्या परिसरात समोरासमोर आले. आज पुण्याहून पिंपरीकडे जाणारी लोकल ज्या खडकी आणि दापोडी स्थानकांवर थांबते, तोच हा भाग. सायक्स या लढाईत आणि त्यानंतर पुण्याजवळ झालेल्या चकमकीत कंपनीच्या बाजूने लढले. १८१८ मध्ये पेशवाई संपली. इथे विसरून चालणार नाही, की पुढे या मुलखातल्या पक्षी-माशांचा अभ्यास करणारा हा माणूस या मुलखात आला तो जिंकणाऱ्या सैन्याबरोबर.

लढाईनंतर मोजणीचे काम का?

मुलूख हाती आला, पण त्यात काय आहे हे कंपनीला ठाऊक नव्हते. गावे किती, माणसे किती, जमीन कोणत्या प्रतीची, पिके कोणती, कोणता हक्क कोणाकडे आणि सारा किती बसवायचा, असे सगळे प्रश्न नव्या सरकारपुढे उभे होते. त्याच काळात पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी करून सारा ठरवला. तो इतका जड ठरला की शेतकरी गावे सोडून जाऊ लागले आणि काही वर्षांतच विंगेट व गोल्डस्मिड यांना फेरमोजणी हाती घ्यावी लागली. आकडा चुकला की त्याचा भार कोणावर पडतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

सायक्स १८२० मध्ये युरोपात गेले आणि १८२४ मध्ये विवाह करून परतले. त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना सरकारचे ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ नेमले. हे पद नवे होते. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांची माहिती गोळा करायची, असे कामाचे स्वरूप होते. लोकसंख्या, जमीनधारणा, बाजारभाव, हवामान, खडक, वनस्पती आणि प्राणी असे सगळेच त्यात आले. आज यातल्या एकेका विषयाला स्वतंत्र सरकारी खाते आहे.

सहा-सात वर्षे सायक्स तंबू टाकत फिरत राहिले. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, मिरासदार आणि उपरी यांचे हक्क त्यांनी लिहून काढले. वायुभारमापकाच्या साहाय्याने ठिकठिकाणच्या उंची मोजल्या. दिवसभरात हवेचा दाब कसा चढतो-उतरतो, याच्या नोंदी ठेवल्या. ही निरीक्षणे पुढे रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. सह्याद्रीच्या काळ्या खडकाच्या थरांवर त्यांनी भूगर्भशास्त्रज्ञांसाठी लेख लिहिला. रानात सापडणाऱ्या ‘कोळीसुरा’ नावाच्या रेशमाच्या किड्यावरही लिहिले.

१८२९ मध्ये खर्चकपातीत हे पद रद्द झाले. सायक्स यांनी मात्र काम अर्धवट टाकले नाही. लष्करी चाकरीत परत रुजू होण्याऐवजी त्यांनी अहवाल पुरा करण्याला प्राधान्य दिले आणि जानेवारी १८३१ मध्ये तो संपवला. त्यानंतर ते इंग्लंडला गेले, ते कायमचेच. १८३३ मध्ये कर्नल या हुद्द्यावर ते निवृत्त झाले.

मोजणीच्या कामात मासे कसे आले?

प्राणी आणि पक्ष्यांच्या नोंदी हा त्यांच्या कामाचाच भाग होता. १८३१-३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे त्यांनी दख्खनच्या सस्तन प्राण्यांची आणि पक्ष्यांची यादी ठेवली. पक्ष्यांच्या यादीत सुमारे २३६ जाती होत्या. तळ्याकाठी निश्चल बसणारी ढोकरी, म्हणजेच वंचक, बागेत शेपटी उंचावून फिरणारा राखी वटवट्या आणि साधा वटवट्या या रोजच्या पाहण्यातल्या पक्ष्यांना शास्त्रीय नावे मिळाली ती या यादीमुळे. दख्खनच्या रानकुत्र्याचे, लोक ज्याला कोळसून म्हणत त्याचे वर्णनही त्यांनी केले.

माशांची पाळी थोडी उशिरा आली. दख्खनच्या माशांवरचा त्यांचा निबंध १८३९ मध्ये झूलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात संक्षेपाने आला आणि १८४१ मध्ये चित्रांसह सविस्तर छापला गेला. त्यात चाळीसहून अधिक माशांची वर्णने आहेत आणि त्यातले बहुतेक मासे तोवर शास्त्राला माहीत नव्हते. भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी आणि घोड या नद्यांमधले हे मासे होते. म्हणजे भीमेच्या खोऱ्यातले, पर्यायाने कृष्णेच्या खोऱ्यातले.

या वर्णनांची पद्धत पाहण्यासारखी आहे. प्रत्येक माशाच्या परात काटे किती, मिशा किती, अंगाची लांबी आणि उंची यांचे प्रमाण काय, तोंड कुठे उघडते, खवले केवढे, हे सगळे आकड्यांत आणि मोजक्या शब्दांत मांडलेले आहे. माणसे आणि जमिनी मोजणाऱ्याने मासेही त्याच शिस्तीने मोजले. जोडीला अनेकदा नदीचे आणि गावाचे नावही दिले. ही शेवटची सवय आज सर्वाधिक मोलाची ठरते आहे.

नुक्ता ओळखायचा कसा?

नुक्ताचे आजचे शास्त्रीय नाव ‘शिस्मॅटोऱ्हिंकॉस नुक्ता’. ग्रीक शब्दांवरून केलेल्या पहिल्या भागाचा अर्थ ‘दुभंगलेल्या मुस्कटाचा’. माशाला एकदा पाहिले की हे नाव का पडले ते समजते.

पहिली खूण : मुस्कटावर आडवी, खोल खाच असते. त्यामुळे मुस्कटाचे वरचा आणि खालचा असे दोन भाग पडलेले दिसतात. वरचा भाग एखाद्या आखूड नाकासारखा पुढे आलेला असतो.

दुसरी खूण : या पुढे आलेल्या भागावर बारीक, कडक पुळ्यांसारखे उंचवटे असतात. बाकी अंग इतर साध्या माशांसारखेच दिसते. त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा रोगट किंवा जखमी मासा वाटू शकतो. प्रत्यक्षात ही या जातीची नैसर्गिक ठेवण आहे.

तिसरी खूण : तोंड समोर नसून खालच्या बाजूला उघडते. तळाशी चरणाऱ्या माशांमध्ये अशी रचना आढळते.

चौथी खूण : मासा रोहूच्या कुळातला आहे. अंग लांबट आणि खवलेदार असते. वाढ साधारण फूटभरापर्यंत होते.

मिशा असलेल्या शिंगाळ्याशी किंवा सापासारख्या लांब वामेशी याची गल्लत होण्याचे कारण नाही. गल्लत होऊ शकते ती रोहूच्या जवळच्या माशांशी आणि तीही लहान पिल्लांच्या बाबतीत. अशा वेळी मुस्कटावरची खाच पाहणे हाच मार्ग उरतो.

हा मासा फक्त कृष्णेच्या खोऱ्यात, म्हणजे उत्तर सह्याद्रीतून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांत आढळतो. अशाच दुभंगलेल्या मुस्कटाचे त्याचे नातेवाईक थेट बोर्निओ-सुमात्राच्या नद्यांत आहेत. सह्याद्रीतल्या आणि आग्नेय आशियातल्या प्राण्यांमध्ये इतके साम्य कसे, हा प्राणिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे डॉ. सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकात या प्रश्नावर बरेच काम केले. नुक्ताच्या वेगळेपणाकडेही त्यांनी लक्ष वेधले आणि त्याच्यासाठी ‘नुक्ता’ याच नावाचा उपवंश सुचवला.

चाकणचा संबंध नेमका काय?

सायक्स यांनी नुक्ताची जागा सांगताना इंद्रायणी नदी आणि पुण्याच्या उत्तरेला अठरा मैलांवरचे चाकण गाव, असा उल्लेख केला. आजच्या नकाशात चाकण गाव थेट इंद्रायणीच्या काठावर नाही. नदी त्याच्या दक्षिणेला मोशी, आळंदी या बाजूने वाहते, तर उत्तरेला भामा नदी आहे. पण त्या काळी चाकण हे पुणे-जुन्नर वाटेवरचे ओळखीचे ठाणे होते. फिरंगोजी नरसाळा यांनी १६६० मध्ये शाइस्ताखानाच्या फौजेविरुद्ध लढवलेला संग्रामदुर्ग इथलाच. त्यामुळे आसपासच्या जागेची खूण म्हणून चाकणचे नाव येणे स्वाभाविक होते.

एखाद्या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन ज्या ठिकाणच्या नमुन्यावरून होते, ते ठिकाण शास्त्रात कायमचे महत्त्वाचे ठरते. पुढे कधी ओळखीबद्दल वाद झाला तर अभ्यासक त्याच ठिकाणचे मासे पुन्हा तपासतात. त्यामुळे नुक्तापुरती तरी इंद्रायणी ही जगातल्या इतर कोणत्याही नदीसारखी नाही. या माशाचे मूळ घर म्हणून कागदोपत्री तिचेच नाव आहे.

माशांच्या नावांत काय साठवले आहे?

सायक्स यांच्या यादीत दोन प्रकारची नावे दिसतात. पहिला प्रकार लंडनच्या विद्वानांच्या सन्मानाचा. विगर्स, यारेल, ऑगिल्बी, चिल्ड्रन अशा त्या काळच्या प्रसिद्ध निसर्गअभ्यासकांची नावे त्यांनी दख्खनच्या माशांना दिली. दुसरा प्रकार स्थानिक नावांचा. सीनघाला, खुद्री, कोलस, मुसल्ला, फुलंगी, टाकरी, कुतुरनी आणि अर्थातच नुक्ता. कोळ्यांनी आणि बाजारातल्या माणसांनी सांगितलेली नावे त्यांनी कानाला लागली तशी इंग्रजीत उतरवली आणि त्यालाच शास्त्रीय नावाचा दर्जा दिला.

‘सीनघाला’ म्हणजे आजही मंडईत मिळणारा शिंगाळा, हे ओळखायला वेळ लागत नाही. ‘नुक्ता’ या शब्दात मराठीतला ‘नकटा’ सहज ऐकू येतो. चोचीवर उंचवटा असलेल्या एका बदकालाही नकटा म्हणतात. तोंडाच्या विचित्र ठेवणीवरून नाव पाडण्याची ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

प्राण्यांच्या नामकरणाचा एक नियम असा, की पहिल्यांदा रीतसर छापले गेलेले जातीचे नाव पुढे टिकते. वंश बदलला तरी जातीचे नाव राहते. त्यामुळे ज्या कोळ्यांची नावेही कुठे लिहिली गेली नाहीत, त्यांनी वापरलेले शब्द जगभरच्या संग्रहालयांत आणि शास्त्रीय ग्रंथांत आजही तसेच आहेत. खबर देणाऱ्यांना श्रेय मिळाले नाही, हे खरे. मात्र त्यांचे शब्द पुसले गेले नाहीत.

या नोंदींत अडचणी कोणत्या?

सायक्स यांच्या कामाची मोठी उणीव अशी, की त्यांनी वर्णन केलेल्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. नमुना असला की शंका आली तर बरणी उघडून तपासता येते. इथे अभ्यासकांच्या हाती फक्त मजकूर आणि चित्रे आहेत. वर्णने थोडक्यात असल्याने काही जातींची ओळख पक्की करणे अवघड जाते.

‘मुसल्ला’ माशाचे उदाहरण बोलके आहे. शिरूरजवळच्या घोड नदीतून सायक्स यांनी या नावाचा मासा नोंदवला. पुढे हेच नाव दक्षिणेतल्या कावेरी नदीतल्या प्रचंड वाढणाऱ्या, पाठीला उंचवटा असलेल्या महासीर माशाला चिकटले. अनेक दशके हा घोळ चालला. गेल्या काही वर्षांत अभ्यासकांनी सायक्स यांचे मूळ वर्णन पुन्हा बारकाईने वाचले आणि त्यांचा मुसल्ला हा महासीर नसून वेगळ्याच वंशाचा मासा आहे, असा निष्कर्ष मांडला. कावेरीतल्या त्या महासीरला २०१८ मध्ये त्याचे योग्य शास्त्रीय नाव मिळाले. तोवर तो नामशेष होण्याच्या टोकाला पोहोचला होता.

यात आणखी एक गुंता आहे आणि त्याचा धागा पुन्हा पुणे जिल्ह्यात येतो. सायक्स यांनीच पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतून ‘खुद्री’ महासीरचे वर्णन केले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटा पॉवरच्या केंद्रात या माशाची कृत्रिम पैदास सुरू झाली आणि त्याची पिल्ले देशातल्या अनेक जलाशयांत सोडली गेली. त्यामुळे खुद्री वाचला. तो आता चिंतेच्या यादीत वर नाही. पण हीच पिल्ले कावेरीत गेल्यावर तिथल्या मूळच्या महासीरला स्पर्धक निर्माण झाला, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडण्याआधी तो नेमका कोण आहे आणि कुठला आहे, हे का पाहावे लागते, ते यावरून कळते.

भारत सोडल्यावर सायक्स यांनी काय केले?

इंग्लंडमध्ये सायक्स यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या सुरुवातीच्या मंडळींत ते होते आणि १८६० च्या दशकात तिचे अध्यक्षही झाले. भारतातल्या कंपनीच्या सैन्यात आजारपणाने आणि मृत्यूने किती माणसे जातात, याचे आकडे मांडून त्यांनी १८४७ मध्ये निबंध लिहिला. १८५८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. प्राचीन भारत आणि बौद्ध धर्म यांवरही त्यांनी लिहिले. वातावरणाच्या वरच्या थरांची निरीक्षणे करण्यासाठी बलून पाठवण्याच्या ब्रिटिश असोसिएशनच्या प्रयत्नांत त्यांचा पुढाकार होता.

दुसरीकडे ते सत्तेच्या वर्तुळातही होते. १८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक झाले आणि १८५६ मध्ये अध्यक्ष. म्हणजे १८५७ च्या उठावाच्या उंबरठ्यावर कंपनीची सूत्रे ज्या मोजक्या लोकांच्या हाती होती, त्यांत सायक्स होते. १८५७ मध्ये ते स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आले आणि अखेरपर्यंत खासदार राहिले. चीनमधल्या तैपिंग उठावात ब्रिटनने हस्तक्षेप करू नये, अशी भूमिका घेऊन त्यांनी पुस्तकही लिहिले. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

कंपनीचा सेनानी, कंपनीचा अध्यक्ष आणि निसर्गअभ्यासक या तिन्ही भूमिका एकाच माणसाच्या होत्या. त्यांतली एक सोयीस्करपणे निवडून बाकीच्या झाकून ठेवल्या तर चित्र अपुरे राहते. राज्य चालवण्यासाठी गोळा केलेली माहिती आज त्याच नद्यांच्या रक्षणासाठी वापरता येते, हे मात्र तितकेच खरे आहे.

नदीत पुढे काय बदलले?

सायक्स यांच्यानंतर पुण्याच्या माशांच्या याद्या होत राहिल्या. फ्रान्सिस डे यांचा भारतीय माशांवरचा मोठा ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात निघाला. फ्रेझर यांनी १९४२ मध्ये मुंबईच्या बीएनएचएसच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांवर लेख लिहिले. १९६० च्या दशकात आणि पुन्हा २००० नंतर पुण्यातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी मुळा, मुठा आणि इंद्रायणीतले मासे नव्याने तपासले. सायक्स यांची यादी हाताशी असल्यामुळेच या अभ्यासकांना तुलना करता आली. पूर्वी काय होते हे माहीत नसेल, तर काय गेले हे सांगता येत नाही.

याच काळात नदीकाठ ओळखू येणार नाही इतका बदलला. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६० च्या दशकात एमआयडीसी आली आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी हा पट्टा उद्योगांनी भरून गेला. १९८२ मध्ये महापालिका झाली. त्यानंतर चाकण परिसर वाहननिर्मितीचे केंद्र बनला. लाखो लोकांना रोजगार मिळाला, गावांची शहरे झाली. पवना या शहराच्या मधून वाहते आणि दापोडीजवळ मुळेला मिळते. इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरातून निघून देहू-आळंदी करत शहराच्या उत्तर सीमेवरून जाते आणि तुळापूरला भीमेत मिसळते. एका काठावर महापालिकेचे शहर, पलीकडे चाकणकडचा औद्योगिक पट्टा, अशी आज तिची अवस्था आहे.

घरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी नदीत येते. फेस, जलपर्णी आणि मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. धरणे-बंधाऱ्यांमुळे वाहते पाणी साचते. तिलापियासारखे परदेशी मासे आणि आफ्रिकन मांगूर स्थानिक माशांची जागा घेतात. वाळूउपशाने तळ उखडतो.

नुक्तासारख्या माशाला याचा फटका आधी बसतो. त्याचे तोंड खालच्या बाजूला आहे, म्हणजे त्याचे पोट तळावर अवलंबून आहे. दगडगोट्यांवर गाळाचा थर बसला किंवा तळाशी प्राणवायू उरला नाही, तर पाणी वरून कितीही भरलेले दिसले तरी त्याच्यासाठी ती नदी संपलेली असते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत नुक्ता ‘धोक्यात’ या वर्गात आहे.

आज या नोंदींचा उपयोग काय?

नदी सुधारण्याच्या योजनांत बहुधा काठाचे सुशोभीकरण, मैलापाणी प्रकल्पांची क्षमता आणि खर्चाचे आकडे यांची चर्चा होते. नदी सुधारली की नाही, हे मोजायचे कसे? पाण्याचे नमुने हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग म्हणजे त्यात कोण राहते ते पाहणे. पाण्याचा नमुना त्या दिवसाची स्थिती सांगतो. तळावर जगणारा मासा मात्र वर्षभर तिथे टिकला, तरच दिसतो. इंद्रायणीसाठी अशी यादी नव्याने शोधायची गरज नाही, ती १८३९ पासून तयार आहे. त्या यादीतले किती मासे परत दिसतात, ही या नदीची साधी आणि फसवता न येणारी परीक्षा ठरू शकते.

त्यासाठी सायक्स यांची पद्धत आजही पुरेशी आहे आणि ती खिशातल्या मोबाइलवर बसते. अनोळखी मासा दिसला, तर त्याच्या तोंडाचा आणि पूर्ण अंगाचा स्पष्ट फोटो घ्यावा. तारीख, नदी आणि जवळचे गाव लिहावे. मासेमारी करणाऱ्यांना त्याचे नाव विचारून ते जसेच्या तसे नोंदवावे. मासा जिवंत असेल तर पाण्यात परत सोडावा. फोटो प्राणिशास्त्राच्या जवळच्या महाविद्यालयाकडे किंवा पुण्यात आकुर्डीला असलेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे पाठवता येतो. चाकणचे नाव नुक्ताच्या कागदावर कायमचे आहे. इंद्रायणीच्या पाण्यात नुक्ताची जागा उरली आहे का, याचे उत्तर अशा साध्या नोंदींतूनच मिळणार आहे.